वाचण्यापुरते जर्मन : प्रस्तावना

या पुस्तकातून जर्मन बोलता येणार नाही, हे पहिल्याच ओळीत सांगितलेले बरे. स्टेशनवर तिकीट कसे मागावे, हॉटेलात काय म्हणावे, याचा एकही धडा इथे नाही. काम एकच धरले आहे : छापील जर्मन मजकूर, शेजारी शब्दकोश ठेवून, स्वतःच्या बळावर वाचता यावा आणि त्याचा अर्थ मराठीत नेमका मांडता यावा. त्याला लागेल ते व्याकरण सगळे घेतले आहे. न लागणारे विचारपूर्वक बाजूला ठेवले आहे.

हे धडे बालाघाटात, इथल्या विद्यार्थ्यांसाठी तयार झाले. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या या जिल्ह्यात जर्मन कोणाला हवे, असे अनेकांनी विचारले. त्याचे उत्तर जिल्ह्याच्या इतिहासातच आहे. वाकाटक राजा दुसरा पृथिवीषेण याचे ताम्रपट या जिल्ह्यात मिळाले आणि ‘बालाघाट ताम्रपट’ याच नावाने ते अभ्यासकांना माहीत आहेत. पृथिवीषेणाचा बाप नरेंद्रसेन, त्याची राणी कुंतलाधिपतीची मुलगी अज्झितभट्टारिका, कोसला, मेकला आणि मालव इथल्या राजांनी नरेंद्रसेनाची आज्ञा मानल्याचा उल्लेख, ही सगळी माहिती या पत्र्यांवर आहे. ‘एपिग्राफिया इंडिका’च्या नवव्या खंडात (१९०७-०८) त्यांचे संपादन केले ते फ्रान्झ कीलहॉर्न यांनी. हे कीलहॉर्न १८६६ ते १८८१ पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवत होते. पुण्याच्या शास्त्र्यांकडून त्यांनी पाणिनीय परंपरा समजून घेतली, पतंजलीच्या महाभाष्याची संशोधित आवृत्ती काढली आणि पुढे जर्मनीत गोटिंगेनच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले. बालाघाटच्या पत्र्यांवरचे काम त्यांच्या आयुष्याच्या शेवटच्या काळातले. १९०८ मध्ये ते वारले.

तो लेख त्यांनी इंग्रजीत लिहिला, कारण ते नियतकालिक इंग्रजी होते. पण तो लेख ज्या विद्वानांच्या चर्चेतून उभा राहिला, त्यांचे मोठे काम जर्मनमध्ये आहे. गेओर्ग ब्यूलर हे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात आणि मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात राहून पुढे व्हिएन्नाला गेले. भारतीय शिलालेख आणि संस्कृत काव्याची प्राचीनता यांवरचा त्यांचा प्रबंध १८९० मध्ये तिथल्या अकादमीने जर्मनमध्ये प्रसिद्ध केला. गिरनार, नाशिक, अलाहाबाद, मंदसोर इथले लेख हाताशी धरून अलंकृत काव्यशैली किती जुनी आहे, हे त्यांनी त्यात दाखवले. हा प्रबंध इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचायला २३ वर्षे लागली आणि पोहोचवला तो पुण्याच्या एका मराठी माणसाने. वि. स. घाटे यांचे भाषांतर १९१३ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आले.

घाट्यांनी केले तसे काम आजही पुष्कळ शिल्लक आहे. वारासिवनी, कटंगी, लांजी या भागातून इतिहास, संस्कृत किंवा भूगर्भशास्त्र शिकायला बाहेर पडणारी मुले एका ठिकाणी हमखास थांबतात, ते म्हणजे तळटीप. वर मजकूर इंग्रजी किंवा हिंदी असतो, तळटीपेत एक लांबलचक जर्मन शीर्षक आणि पानाचा आकडा. पुढचा रस्ता बंद. मग दुसऱ्याने तिसऱ्याच्या आधारे दिलेल्या सारांशावर प्रबंध लिहिला जातो.

काय काय त्या बंद दाराआड आहे, ते थोडे सांगतो. ब्योटलिंक आणि रोट यांचा सात खंडांचा संस्कृत कोश, ज्याला ‘पीटर्सबर्ग कोश’ म्हणतात, तो १८५५ ते १८७५ या काळात निघाला आणि त्यातले अर्थ जर्मनमध्ये आहेत. पुढच्या संस्कृत कोशकारांनी त्याचा भरपूर आधार घेतला. ग्रासमान यांचा ऋग्वेदाचा शब्दकोश १८७३ चा, वाकरनागेल यांचे प्राचीन भारतीय भाषेचे व्याकरण १८९६ पासूनचे. गेल्डनर यांचे ऋग्वेदाचे संपूर्ण भाषांतर १९५१ मध्ये बाहेर आले; त्याच्या तोडीचे नवे इंग्रजी भाषांतर निघायला २०१४ साल उजाडले. मधली त्रेसष्ट वर्षे ऋग्वेदाच्या अभ्यासकाला गेल्डनर वाचण्यावाचून गत्यंतर नव्हते.

आणि हे केवळ वेदांचे नाही. ग्युंटर सोंथायमर यांनी महाराष्ट्रातल्या धनगरांमध्ये हिंडून, त्यांच्या ओव्या ऐकून, बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबा या देवांवर जे पुस्तक लिहिले, ते १९७६ मध्ये जर्मनमध्ये निघाले. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेले त्याचे इंग्रजी रूपांतर १९८९ चे. मधली तेरा वर्षे आपल्याच मेंढपाळांच्या देवांविषयीचे ते महत्त्वाचे पुस्तक मराठी वाचकाच्या हाती असूनही नसल्यासारखे होते. मला याची खंत फार वाटते. ओवी मराठी, देव मराठी, सांगणारा मराठी, आणि वाचायला मात्र वाट पाहायची इंग्रजीची!

भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही हीच गोष्ट लागू आहे. भरवेलीची मँगनीज खाण आणि मलाजखंडची तांब्याची खाण या जिल्ह्यात आहेत. धातुखनिजे सूक्ष्मदर्शकाखाली कशी दिसतात आणि एकमेकांत कशी गुंतलेली असतात, यावरचा पाउल रामडोर यांचा ग्रंथ १९५० मध्ये जर्मनमध्ये निघाला. त्याचे इंग्रजी रूप झाले आहे. पण तो ज्या जुन्या जर्मन लेखांवर उभा आहे, त्यांतले बहुतेक जिथल्या तिथे आहेत.

मराठी माणसाने जर्मन शिकणे ही काही नवी गोष्ट नाही. विष्णु सीताराम सुखटणकर केंब्रिजला गणित शिकून बर्लिनला हाइनरिश ल्यूडर्स यांच्याकडे गेले. पाठचिकित्सेची जी शिस्त त्यांनी तिथे कमावली, तिच्यावर भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती उभी आहे. पां. दा. गुणे लाइपझिगला शिकले. इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या आणि मानवी कवटीच्या असमरूपतेवर त्यांनी प्रबंध लिहिला, तोही जर्मनमध्ये. कवटीच्या मोजमापांचा वंशाच्या श्रेष्ठकनिष्ठतेशी संबंध असावा, ही त्यांच्या मार्गदर्शकाची अपेक्षा होती. मोजमापांतून तसे निघत नाही, हे त्यांनी त्याच्याच भाषेत लिहून दिले. रा. ना. दांडेकरांनी हायडेलबर्गला वैदिक माणसाच्या कल्पनेवर प्रबंध सादर केला, तो १९३८ मध्ये. या सगळ्यांना तिकडे जाण्याची संधी मिळाली. ज्यांना ती मिळणार नाही, त्यांच्यासाठी हे पुस्तक आहे.

एक प्रसंग इथे नोंदवायलाच हवा. १८९३ मध्ये लोकमान्य टिळकांचा ‘ओरायन’ हा ग्रंथ निघाला. वेदांतल्या नक्षत्रांच्या उल्लेखांवरून वेदकाळ ठरवण्याचा तो प्रयत्न होता. त्याच वर्षी हेर्मान याकोबी यांचा ऋग्वेदाच्या काळाविषयीचा लेख जर्मनीत, रोट यांच्या गौरवग्रंथात आला. दोघेही एकमेकांच्या कामाची माहिती नसताना ज्योतिषाच्याच वाटेने बऱ्याच जवळच्या निष्कर्षाला पोहोचले होते. त्या निष्कर्षावर पुढे बराच वाद झाला आणि आज तो मान्य करणारे थोडे. पण दोन भाषांत एकाच वेळी चाललेला तो विचार शेजारी ठेवून वाचणे हा अभ्यास किती मोलाचा! टिळकांची बाजू आपल्याला पाठ असते. याकोबींची आपण ऐकीव सांगतो.

आता व्याकरणाकडे वळतो. या पुस्तकामागचा माझा सगळा विचार तिथेच आहे.

जर्मन आपल्याकडे शिकवले जाते ते इंग्रजीतून लिहिलेल्या पुस्तकांवरून. ती पुस्तके इंग्रजी भाषकाच्या अडचणी डोळ्यांपुढे ठेवून रचलेली असतात. इंग्रजी भाषकाला तीन लिंगे चमत्कारिक वाटतात, नामाच्या विभक्ती जड जातात, वाक्याच्या शेवटी क्रियापद आले की त्याचा श्वास अडकतो. म्हणून त्या पुस्तकांत या गोष्टींना ‘कठीण’ असा शिक्का बसतो, आणि तो शिक्का मराठी विद्यार्थीही निमूटपणे स्वीकारतो. वास्तविक या तिन्ही गोष्टी त्याच्या घरच्या आहेत. माझे ठाम मत असे, की वाचण्यापुरते जर्मन मराठीतून शिकले, तर इंग्रजीतून शिकण्यापेक्षा लवकर आणि अधिक पक्के येते.

बालाघाटच्या मुलाला तर एक जास्तीची सोय आहे. तो घरी मराठी किंवा पोवारी बोलतो, शाळेत हिंदी शिकतो. एकाच वस्तूचे लिंग दोन भाषांत वेगळे असते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. शाळेत ‘पुस्तक अच्छी है’ म्हणणारा मुलगा घरी ‘पुस्तक चांगलं आहे’ म्हणतो. हिंदीत नपुंसकलिंग नाही, मराठीत आहे, जर्मनमध्येही आहे. जर्मनमधली उपपदे डेअर, डी, डास म्हणजे आपले तो, ती, ते. (धड्यांमध्ये जर्मन शब्द त्यांच्या लिपीतच छापले आहेत, इथे प्रस्तावनेपुरते कानाला जवळचे वाटतील असे देवनागरीत लिहितो.) पुस्तक, पाणी, घर, गाव, शेत, मूल, सोने, तांबे, लोखंड ही सगळी मराठीत नपुंसकलिंगी, आणि जर्मनमध्येही डास बूख, डास व्हासर, डास हाउस, डास डोर्फ, डास फेल्ड, डास किंड, डास गोल्ड, डास कुप्फर, डास आयझेन. मात्र यावर विसंबून चालणार नाही. सूर्य जर्मनमध्ये स्त्रीलिंगी आहे, चंद्र पुल्लिंगी. नदी आपली ती, त्यांचा तो. लिंग पाठ करायचे ते शब्दासोबतच. मूल, लेकरू, पोरगं ही माणसे असून नपुंसकलिंगी असतात याची सवय असलेल्या मराठी मुलाला ‘मेडशेन’, म्हणजे मुलगी, नपुंसकलिंगी आहे याचे आश्चर्य वाटत नाही. इंग्रजी पुस्तके मात्र त्या एका शब्दावर बरीच जागा खर्च करतात.

लिंगापेक्षा महत्त्वाची विभक्ती. जर्मनमध्ये चारच उरल्या आहेत : प्रथमा, द्वितीया, चतुर्थी आणि षष्ठी. आपल्याकडे विभक्तीची खूण नामाच्या शेवटी लागते, तिकडे ती मुख्यतः उपपदावर दिसते. म्हणून जर्मन वाचताना डोळा नामाआधी उपपदावर ठेवायचा, हा पहिल्या धड्यापासूनचा नियम. तो का, हे एका उदाहरणावरून कळेल. ‘ब्राह्मण’ हा शब्द जर्मन लेखांत ‘ब्राह्माने’ असा येतो आणि कर्त्याचे एकवचन सोडले, तर सगळीकडे ‘ब्राह्मानेन’ एवढेच त्याचे रूप दिसते. त्याच्या आधी डेम असेल तर एका ब्राह्मणाला, डेस असेल तर एका ब्राह्मणाचे, डेअर असेल तर अनेक ब्राह्मणांचे. डेन असेल तर दोन शक्यता : अनेक ब्राह्मणांना दिले असे, किंवा एका ब्राह्मणाला पाहिले असे. ‘डेअर क्योनिग शेंकटे डेन ब्राह्मानेन आइन डोर्फ’, म्हणजे राजाने ब्राह्मणांना एक गाव दान दिले. दान देणे या क्रियापदाला ‘कोणाला’ आणि ‘काय’ अशी दोन कर्मे लागतात, गाव हे ‘काय’ झाले, म्हणून डेन ब्राह्मानेन इथे चतुर्थीचे अनेकवचन. डेन ऐवजी डेम असता, तर गाव एकाच ब्राह्मणाला मिळाले असते. दानपत्र वाचणाऱ्याला हा फरक किरकोळ नाही; एका अक्षरावर गावाचा मालक बदलतो.

विभक्ती स्पष्ट असली की शब्दांची जागा मोकळी होते. मराठीत आपण ‘गाव राजाने ब्राह्मणांना दिले’ असेही म्हणतो आणि ‘ब्राह्मणांना राजाने गाव दिले’ असेही. कर्ता कोण याविषयी कोणाच्या मनात शंका येत नाही. जर्मन वाक्यातही गाव किंवा ब्राह्मण पुढे येऊ शकतात. इंग्रजीच्या सवयीने वाचणारा पहिल्या नामाला कर्ता समजतो आणि ब्राह्मणांकडून राजाला गाव देववतो. आमच्या वर्गात ही चूक इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलांकडून हमखास होते. मराठीत विचार करा म्हटले की दुसऱ्या आठवड्यात ती थांबते.

संस्कृत शिकलेल्यांसाठी एक सावधगिरीची सूचना. जुन्या जर्मन व्याकरणांत विभक्तींना क्रमांक देतात : दुसरी म्हणजे षष्ठी, तिसरी म्हणजे चतुर्थी, चौथी म्हणजे द्वितीया. आपल्या क्रमांशी त्यांचा मेळ घालू नये. या पुस्तकात आपलीच नावे वापरली आहेत.

क्रियापदाच्या जागेला मी सर्वांत जास्त पाने दिली आहेत. मुख्य वाक्यात जर्मन क्रियापद दुसऱ्या जागी येते, ही आपल्याला परकी गोष्ट. ती सरावाने अंगवळणी पाडावी लागते. गौण वाक्यात मात्र ते शेवटी जाते, आणि तिथे आपण घरी परत येतो. ‘कारण राजाने ब्राह्मणांना एक गाव दिले’ हे मराठी वाक्य शब्दामागून शब्द ठेवत जर्मनमध्ये नेता येते, क्रमात काहीही बदल न करता. ‘-ण्यासाठी’, ‘न करता’, ‘करण्याऐवजी’ यांना जर्मनमध्ये ज्या रचना आहेत, त्यांतही क्रियापद शेवटीच असते. ‘मला हे पुस्तक आवडते’ या वाक्यात आवडणारा चतुर्थीत आणि आवडलेली वस्तू प्रथमेत, हे जसे आपल्याकडे, तसेच तिकडे.

पण मराठी वाचकाला खरा फायदा मिळतो तो धातुसाधित विशेषणांच्या बाबतीत. जर्मन विद्वत्तेच्या गद्याची सर्वांत प्रसिद्ध अडचण ही, की उपपद आणि नाम यांच्यामध्ये दोन-दोन ओळींचा मजकूर भरलेला असतो. इंग्रजी पुस्तके सांगतात : उपपद दिसले की थांबा, पुढे उडी मारून नाम शोधा, मग मागे येऊन मधला मजकूर सोडवा. मराठी माणसाने ही कसरत अजिबात करू नये. तिरोडी हे बालाघाट जिल्ह्यातले मँगनीजचे गाव. तिथे दुसऱ्या प्रवरसेनाचे ताम्रपट मिळाले आणि नागपूरच्या वा. वि. मिराशींनी ते संपादित केले. हे जर्मनमध्ये असे मांडता येईल : ‘डी बाय तिरोडी गेफुंडेनेन, फॉन मिराशी हेराउसगेगेबेनेन कुप्फरटाफेल्न’. आता मराठी पाहा : ‘ते तिरोडीजवळ सापडलेले, मिराशींनी संपादित केलेले ताम्रपट’. क्रम तोच आहे. त्यांची शब्दयोगी अव्यये नामाच्या आधी येतात आणि आपली नंतर, एवढाच काय तो फरक. म्हणून सरळ वाचत जावे.

आणि साम्य इथे संपत नाही. ‘सापडलेला’ हे भूतकाळाचे रूप झाले. ‘पुण्यात शिकवणारा विद्वान’ यातल्या ‘-णारा’ला जर्मनमध्ये ‘-एंड’ने होणारे रूप आहे. आणि ‘अजून सोडवायचा प्रश्न’, ‘वाचायचा लेख’ यातल्या ‘-आयचा’लाही, ‘त्सू’ लावून केलेले, वेगळे रूप आहे. -लेला, -णारा, -आयचा या तीन प्रत्ययांवर मराठी गद्य जसे वाक्ये गुंफते, तसेच जर्मन गद्य गुंफते. तिसऱ्या भागातले बहुतेक धडे या तीन रूपांभोवती रचले आहेत आणि ते घाई न करता वाचावेत, अशी विनंती आहे.

सामासिक शब्दांविषयी थोडेच सांगतो, कारण संस्कृत-मराठीच्या वाचकाला त्यांची भीती वाटण्याचे कारण नाही. शब्द कितीही लांब असला तरी शेवटचे पद मुख्य. लिंग आणि वचन त्याचे. ‘शेंकुंग्स-उर्कुंडे’ म्हणजे दान-पत्र. समासाचे आपले पृथक्करण तिकडच्या भाषाशास्त्रानेही उचलले. जर्मन व्याकरणाच्या पुस्तकांत ‘बहुव्रीहि’ ही संज्ञा जशीच्या तशी आढळते. शिवाय जर्मनमध्ये प्रत्येक नामाचे पहिले अक्षर मोठे असते. वाक्यात नामे कुठे आहेत हे वाचण्याआधीच दिसते, ही मोठी सोय आहे.

संस्कृत आणि जर्मन या एकाच घराण्यातल्या भाषा, म्हणून ‘दुहिता’ आणि ‘टोख्टर’ असे जोड शोधत बसण्याचा नाद काहींना लागतो. ती आवड चांगली आहे, पण तिने वाचन पुढे सरकत नाही. या पुस्तकात तसे जोड दिलेले नाहीत.

भाषांतर करणाऱ्याने जास्तीत जास्त कशाची काळजी घ्यावी, असे विचाराल तर मी सांगेन : लेखकाच्या खात्रीच्या पातळीची. प्राचीन इतिहासाचे लेखन अंदाजांनी भरलेले असते आणि जर्मन लेखक आपला अंदाज किती भक्कम आहे हे क्रियापदाने दाखवतो. ‘ड्युर्फ्टे’ असेल तर ‘असावा’. ‘व्हिर्ड’ असेल तर कधी भविष्यकाळ, कधी ‘असेल’. मराठीतही भविष्यकाळाचे रूप आपण अंदाजाला वापरतोच, ‘तो आजारी असेल’ म्हणतो. ‘कान’ असेल तर ‘असू शकतो’, ‘मुस’ असेल तर ‘असलाच पाहिजे’. ‘झोल’ असेल तर लेखक ऐकीव सांगतो आहे, आपले ‘म्हणे’. ‘मान झाग्ट’ म्हणजे ‘म्हणतात’. कर्ता न सांगता केवळ क्रियापदाने लोकमत सांगण्याची सोय आपल्याकडे आहे, ती इथे नेमकी कामी येते. ‘त्स्वार’ दिसले की पुढे ‘आबर’, म्हणजे ‘पण’, येणार हे ओळखावे : ‘हे मत आकर्षक आहे खरे, पण…’ तो ‘खरे’ म्हणजे ‘त्स्वार’. अर्ध्या वाक्यावर थांबून लेखकाचे मत उतरवून घेणाऱ्याच्या हाती नेमके त्याच्या उलटचे मत लागते.

याहून अवघड एक गोष्ट आहे. दुसऱ्याचे मत सांगताना जर्मन क्रियापदाचे रूपच बदलते. ‘इस्ट’ म्हणजे ‘आहे’, ते ‘झाय’ होते. ‘हाट’चे ‘हाबे’ होते. एकदा ‘ब्यूलर म्हणतात’ असे सांगितले की पुढची चार वाक्ये नाव न घेता केवळ ‘झाय’ आणि ‘हाबे’च्या जोरावर ब्यूलर यांची ठरतात. मराठीत असे रूप नाही. ‘म्हणे’ घातले तर संशयाची छटा येते, जी मुळात नसते. म्हणून भाषांतरात ‘त्यांच्या मते’, ‘ते पुढे म्हणतात’ असे पुन्हा पुन्हा लिहावे लागते. वाचायला ते थोडे जड होते, तरी लिहावे. नाहीतर ज्याचे खंडन करण्यासाठी लेखकाने ते मत मांडले, तेच त्याच्या गळ्यात पडते.

वाकाटकांच्याच काळाचे पाहा. त्यांच्या ताम्रपटांत वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिचा बाप म्हणून देवगुप्त नावाच्या महाराजाधिराजाचा उल्लेख येतो. तो उत्तरकालीन गुप्त घराण्यातला राजा असे समजून फ्लीट यांनी वाकाटकांना सातव्या-आठव्या शतकापर्यंत पुढे आणले. ब्यूलर यांचा कल पाचव्या शतकाकडे होता. पुढे प्रभावतीगुप्तेचे पुण्याचे ताम्रपट उजेडात आले, ती दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी हे त्यांतून स्पष्ट झाले आणि प्रश्न मिटला. मिराशींनी वाकाटकांच्या लेखांचा जो संग्रह १९६३ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात या वादाचा सगळा मागोवा घेतलेला आहे. असा वाद मूळ भाषेतून वाचताना ‘असावा’ला ‘आहे’ केले, की एक शक्यता तारीख बनून पुढच्या दहा पुस्तकांत जाते.

काही अडचणी अशा आहेत की तिथे मराठीचा उपयोग नाही. त्या केवळ लक्षात ठेवायच्या. ‘व्हेर्डेन’ हे एक क्रियापद ‘होणे’ असते, भविष्यकाळ करते आणि कर्मणिप्रयोगही करते. सोबत काय आले आहे यावरून ठरवायचे. काही क्रियापदांचा उपसर्ग तुटून वाक्याच्या शेवटी जातो. शेवटचा शब्द पाहिल्याशिवाय शब्दकोश उघडू नये. ‘झी’ म्हणजे ती, ते सगळे आणि आपण, तिन्ही. इंग्रजीसारखे दिसणारे शब्द फसवतात : ‘फास्ट’ म्हणजे जवळजवळ, ‘बाल्ड’ म्हणजे लवकरच, ‘आल्झो’ म्हणजे म्हणून, ‘एव्हेंटुएल’ म्हणजे कदाचित.

जुनी पुस्तके वाचणाऱ्याने शुद्धलेखनाचाही इतिहास थोडा ठाऊक करून घ्यावा. १९०१च्या परिषदेपर्यंत ‘टाइल’ (भाग), ‘टाल’ (दरी), ‘टून’ (करणे) अशा शब्दांत ट नंतर एक मुके ह अक्षर लिहीत. ते पुढे गेले. ब्यूलर, कीलहॉर्न, याकोबी यांच्या काळातल्या पुस्तकांत हे ह असतात आणि आजच्या कोशात तसे शब्द सापडत नाहीत. ह काढून शोधावे. १९९६च्या सुधारणेने आणखी काही बदल केले. जुनी वळणदार फ्राक्टुर लिपी अनेकांना धास्तावते. पण प्राच्यविद्येची नियतकालिके बहुतेक साध्या रोमन टायपातच छापलेली आहेत, तेव्हा फ्राक्टुरची ओळख पुस्तकाच्या शेवटी परिशिष्टात दिली आहे.

आज फोनवर जर्मन पान धरले की क्षणात हिंदी-मराठी मजकूर येतो. मग हा खटाटोप कशाला, हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि वर्गात तो दरवर्षी येतो. यंत्राचे भाषांतर जरूर घ्यावे, पण स्वतः वाचून झाल्यावर, पडताळण्यासाठी. आपण काढलेला अर्थ आणि यंत्राने काढलेला अर्थ जिथे जुळत नाही, तिथे कोणाचे बरोबर हे सांगण्यासाठी डेन आणि डेम, इस्ट आणि झाय यांतला फरक आपल्यालाच कळावा लागतो. प्रबंधात आपण ज्या वाक्याचा आधार घेतो, ते वाचल्याची जबाबदारी आपल्या सहीवर असते.

धडे क्रमाने करावेत. रोज अर्धा तास पुरे, पण रोज. पहिल्या भागात उपपदे, विभक्ती आणि क्रियापदाची जागा. दुसऱ्यात काळ, कर्मणिप्रयोग आणि गौण वाक्ये. तिसऱ्यात धातुसाधिते आणि समास. चौथ्यात अंदाजाची आणि परमताची रूपे. शब्दकोश जर्मन-इंग्रजी घ्यावा, मोठा, आणि त्यात नामाचे लिंग व अनेकवचन दिलेले आहे ना ते पाहावे. वाक्य मराठीत उतरवताना आधी शब्दशः, मूळच्या क्रमाने लिहावे. मग ते बाजूला ठेवून, माणूस बोलेल तसे दुसऱ्यांदा लिहावे. दोन्ही मसुदे वहीत ठेवावेत, पहिला फाडू नये. चूक कुठे झाली ते पहिल्यातच सापडते.

चौथा भाग संपला की ब्यूलर यांचा १८९०चा प्रबंध घ्यावा. तो आणि ‘इंडियन अँटिक्वेरी’चा १९१३चा खंड, दोन्ही आता संगणकावर विनामूल्य उघडता येतात. नाशिकच्या लेखाविषयीचा भाग काढावा, कारण विषय आपल्या ओळखीचा आहे. घाट्यांचे भाषांतर बंद ठेवून एक परिच्छेद मराठीत करावा, मग ते उघडून ओळीओळीने ताडून पाहावे. जिथे फरक पडेल तिथे मूळ वाक्यातले उपपद आणि क्रियापद पुन्हा पाहावे. आणि पुढच्या परिच्छेदाला लागावे.